मोजदादांचा स्वस्त फोम

माझे साडू कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय करत नाहीत. पैसे नव्हे हो, सेकंद. दूध गॅसवर चढवलं की ओट्याशी उभे राहून मोठ्यानं आकडे म्हणणार आणि बरोब्बर दोनशे दहाला भांडं उतरवणार. त्यांच्या घरचं दूध आजवर एकदाही उतू गेलेलं नाही, हे माझ्या बायकोनं मला निदान हजार वेळा ऐकवलंय. "जरा भावोजींकडे बघा!" अगं बाई, बघतो की! तेवीस वर्षं दुसरं काय करतोय? घरी तेच, कारखान्यातही तेच. माणसानं पळून जायचं कुठे?

ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कारखान्यात त्यांना सगळे मोजदादा म्हणतात, आणि तिथे मला त्यांच्या मोजण्याला हसता येत नाही, कारण आमचा कारखाना त्या मोजण्यावरच चालतो. आम्ही बर्फाच्या पेट्या करतो. मासळीवाले नेतात, दूधवाले नेतात, औषधांची दुकानं नेतात. पेटीच्या आतल्या आणि बाहेरच्या पत्र्याच्या मध्ये पिवळट, कडक फोम भरलेला असतो, गारवा धरून ठेवतो तो हा फोम. तो करायला दोन द्रव लागतात. एक मधासारखा, त्याला आम्ही नुसतं 'पिवळं' म्हणतो. दुसरा काळपट, ते 'काळं'. दोन्ही एकत्र घुसळायचं, साच्यात ओतायचं, झाकण क्लॅम्पनं आवळायचं. आत ते फुगतं, कोपऱ्याकोपऱ्यात शिरतं आणि घट्ट बसतं. एकदा काळं पिवळ्यात पडलं की हातात अर्धं मिनिटसुद्धा नसतं. म्हणून साडू मोजतात. "चार, पाच, सहा, घुसळा, घुसळा, दहा, ओता!" त्यांच्या हाताखालच्या चार बायका त्या आकड्यांवर हलतात.

मी करवतीवर असतो. पेट्यांशिवाय फोमचे मोठे ठोकळेही ओतले जातात, शीतखोल्यांच्या भिंतींसाठी. त्यांचे तक्ते मी कापतो. दिवसभर भुगा उडतो. नाकात भुगा, कानात भुगा, डब्यात भुगा. संध्याकाळी घरी गेलो की बायको दारातच उभं करून झटकते, तेव्हा कुठे आत घेते.

साडू इथे आले ते हमाल म्हणून. पिंपं उतरवायची आणि जायचं, एवढंच काम. पण हा माणूस पिंप उतरवून जायचा नाही, ओतकाम बघत उभा राहायचा. तेव्हाच्या मिस्त्रींनी दोनदा हाकललं, तिसऱ्यांदा हातात काडी दिली आणि म्हणाले, "उभाच राहायचंय ना? मग ही काडी फोमला टेकव आणि चिकटायची थांबली की सांग." त्या दिवसापासून काडी हातात आहे. शाळा आठवीपर्यंत, पण फोमचा तुकडा सुरीनं कापून, भिंगाखाली धरून, आतली बारीक बारीक घरं बघून ते सांगतात की सकाळी साचा गार होता की ऊन. मला आपलं सगळं सारखंच दिसतं. डाव्या हाताची दोन बोटं काळ्यानं कायमची तपकिरी झालीत, आणि लग्नसमारंभात ते तो हात खिशात ठेवतात. थोरली म्हणते, "काढा तो हात बाहेर, चोरी केली नाहीत!"

तर सुखात चाललं होतं. आणि गेल्या वर्षी काळं महागलं, मग पिवळं महागलं, मग पुन्हा काळं. आमच्या मालकीणबाई तशा वयानं लहान, वडिलांच्या मागे कारखाना हातात आला तेव्हा तिशीच्याही नव्हत्या. पण बोलणं रोखठोक. एके दुपारी त्यांनी सगळ्यांना ओतकामाच्या खोलीत बोलावलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "बाहेरून तयार तक्ते घेतले तर आपल्या फोमपेक्षा स्वस्त पडतात. मोजदादा, तीन महिने देते. फोमचा खर्च दहावा हिस्सा खाली आणा. नाही जमलं तर ओतकाम बंद, तक्ते विकत आणायचे आणि कापून पेट्यांत बसवायचे."

कापून. म्हणजे करवत राहणार होती. जाणार होते ते साडू आणि त्या चार बायका. साडूंना निवृत्तीला सहा वर्षं, बायकांपैकी दोघींची पोरं अजून शाळेत. आणि मी त्या वेळी काय बोलावं? "चला, माझी करवत तरी आहे तिथे आहे बुवा!" गंमत म्हणून बोललो. कुणी हसलं नाही. माझ्या जिभेला हाड नाही, हे बायको सांगते ते एवढ्यापुरतं खरं आहे.

दुसऱ्या दिवसापासून साडूंनी कप आणायला सुरुवात केली. चहाचे कागदी कप. एका कपात थोडं पिवळं, त्यात काहीतरी स्वस्तातलं मिसळायचं, वर काळं ओतायचं, काडीनं ढवळायचं आणि मोजायचं. काहीतरी स्वस्तातलं म्हणजे काय, तर जे हाताला लागेल ते. खडूची भुकटी घातली, ती तळाशी जाऊन बसली. लाकडाचा भुसा घातला, त्यानं सगळं पिवळं पिऊन टाकलं आणि कपात लापशी झाली. कपड्यांच्या खळीची पूड झाली, भट्टीतली राख झाली. एकदा साखरेचा पाक घातला. पाकात पाणी, आणि काळ्याला पाणी लागलं की ते वेड्यासारखं फुगतं, हे मला तेव्हा साडूंनी सांगितलं. तो फोम कपाबाहेर आला, टेबलावर पसरला आणि साडूंचा चष्मा घेऊन घट्ट बसला. मी पोट धरून हसलो. हसण्याच्या नादात त्यांनी सांगितलेलं एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं.

प्रत्येक कपावर ते तारीख आणि काय घातलं ते लिहायचे आणि तो घरी न्यायचे. ओतल्या दिवशी फोम चांगला दिसतो, पण काही फोम आठवड्यांनी आक्रसतो, म्हणून ठेवून बघावं लागतं. खिडकीत कप, कपाटावर कप, पलंगाखाली कप. थोरलीनं दोन महिने काढले. एक बिघडलेला कप तिनं शिवणाच्या सुया टोचून ठेवायला घेतला, तर हे म्हणतात, "अगं, तो सदतीस नंबरचा आहे, त्याला भोकं पाडू नकोस!" तेव्हा मात्र ती माझ्या बायकोकडे येऊन बसली आणि म्हणाली, "मला सांग, तुझ्या घरात एकच माणूस राहतो ना? माझ्याकडे सव्वाशे राहतात."

अडीच महिने गेले. साडू वाळले. मोजताना आकडे चुकायला लागले. एकदा सोळानंतर अठरा म्हणाले, आणि चारही बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मीही पाहिलं. मला त्यांचा कितीही राग येत असला तरी त्या दिवशी मी करवत बंद करून पुढचे आकडे नीट येतात का ते ऐकलं.

मग एका दुपारी ते मला चहाला बोलवायला करवतीपाशी आले. मी अंग झटकत होतो. त्यांनी टेबलावरचा मूठभर भुगा उचलला, दोन बोटांत चोळला.

"साडू, हा कुठे जातो?"

"जातो कुठे? कचऱ्यात. रोज दोन पोती. गाडीवाला नेतो आणि वर आपल्याकडूनच पैसे घेतो."

"म्हणजे आपण महागाचा फोम करायचा, त्याचा भुगा करायचा, आणि तो फेकायलाही पैसे मोजायचे?"

"तेवीस वर्षं तेच करतोय. तुम्हाला आज दिसलं होय?"

ते चहाला आले नाहीत. मूठ तशीच मिटलेली ठेवून ओतकामाकडे चालू लागले, आणि मी त्यांचाही चहा पिऊन टाकला.

भुग्यानं काम केलं! शंभरात पाच भाग घातला, कळलंही नाही. बारा घातला, घरं मोठी आणि ओबडधोबड झाली. आठ भागांवर फोम असा फुगला, असा बसला, की साडूंनी तो कप कापून भिंगाखाली धरला आणि पहिल्यांदाच मला म्हणाले, "बघा." मला पहिल्यासारखंच सगळं सारखं दिसलं. "बरोबर आहे," ते म्हणाले, "सारखंच दिसायला हवं." भुगा चाळायला त्यांनी घरची पिठाची चाळण आणली होती. थोरलीला पत्ता लागला तेव्हा जो कहर झाला तो मी इथे लिहीत नाही. चाळण शेवटी आमच्याकडची गेली.

रोज संध्याकाळी करवतीच्या मागच्या पिशवीत जमलेला भुगा ते स्वतः नेत. कपांना तेवढा पुष्कळ होत असे. पण मुदत संपायला चार दिवस राहिले तेव्हा मालकीणबाईंनी सांगितलं, "कप पुरे. उद्या सकाळी माझ्यासमोर अख्खी पेटी ओता." साडू मला म्हणाले, "साडू, दोन टोपल्या भुगा लागेल. स्वच्छ बघून भरून ठेवा, लाकडाची कपची नको." एवढं बोलून ते साचा पुसायला गेले.

पिशवीत निघाला एक टोपली. मग मी म्हटलं, जमिनीवर ढीगच्या ढीग पडलाय, तो कशाला सोडा? आणि आता नीट ऐका, कारण गाढवपणा इथे आहे. कोरडा भुगा झाडला की ढगासारखा उठतो आणि थेट घशात जातो. म्हणून मी झाडण्याआधी जमिनीवर पाणी शिंपडतो. पहिल्या दिवसापासून शिंपडतो, हाताला सवयच आहे. त्या दिवशी तर मालकीणबाई येणार म्हणून चांगला हात सैल सोडून शिंपडलं. छान बसला भुगा. भरला, पिशवीतल्या भुग्यात मिसळला, वर फडकं झाकलं आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, "तुझ्या भावोजींचं काम मी सोपं करून आलोय."

सकाळी साच्याभोवती सगळे जमले. मालकीणबाई हाताची घडी घालून उभ्या. साडूंनी भुगा चाळला, पिवळ्यात मिसळला, काळं ओतलं. "सहा, सात, घुसळा, दहा, ओता!" झाकण पडलं, क्लॅम्प आवळले. साडू मोजत राहिले. चाळीसला झाकणाच्या कडेनं फेस डोकावला. तो तिथे दिसायलाच नको होता. पन्नासला एक क्लॅम्प टणकन उडाला आणि भिंतीवर आपटला. दुसरा उडाला. झाकण उचललं गेलं आणि आतून फोम बाहेर यायला लागला, थांबेचना. कुणी किंचाळलं. साडू मात्र मोजतच होते. मग त्यांचा आवाज बारीक होत गेला आणि थांबला.

निवल्यावर त्यांनी तो फोम सुरीनं कापला. आत बोट जाईल एवढी भोकं. हातात चुरा होत होता. मग ते मालकीणबाईंना म्हणाले, "भुग्यात पाणी होतं. सकाळी हाताला गार लागला होता मला. मी म्हटलं, थंडी आहे म्हणून असेल. तपासायला हवा होता, तपासला नाही. चूक माझी."

पाणी! कपाबाहेर पसरलेला तो पाक आता माझ्या डोळ्यांसमोर आला. बोलायला हवं होतं. पण मी मूग गिळून उभा राहिलो. मालकीणबाई म्हणाल्या, "ठीक आहे, मोजदादा. तुम्ही प्रयत्न केलात." आणि जिना चढून आपल्या खोलीत गेल्या. प्रयत्न केलात म्हणजे काय, ते तिथल्या सगळ्यांना कळलं.

साडू साचा खरवडायला बसले. चार बायकांपैकी सगळ्यात जुनी जी, जिला आम्ही मावशी म्हणतो, ती माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "तुमचं बरंय. करवत आहे तिथे आहे."

अहो, तिनं कानाखाली मारली असती तरी परवडलं असतं. म्हणजे या बाईला वाटतं की मी मुद्दाम केलं! आणि उद्या थोरलीला वाटेल. आणि माझी बायको, ती तर काही न बोलता नुसती बघेल. मला इतका राग आला की काय सांगू. आधी मावशीचा, मग साडूंचा, नीट सांगायला काय झालं होतं म्हणून. मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा कळलं की राग आपला आपल्यावरच आहे. चौदा पायऱ्या आहेत. साडूंसारख्या एकेक मोजत चढलो.

"पाणी मी मारलं," दारातूनच सांगितलं.

मालकीणबाईंनी मान वर केली. "मुद्दाम?"

"मुद्दाम करायला अक्कल लागते, बाई! ती असती तर तेवीस वर्षं करवतीवर राहिलो असतो का? झाडायच्या आधी शिंपडतो रोज, तसं शिंपडलं. साडूंनी मला जमिनीवरचा भरा असं सांगितलंच नव्हतं. त्यांचा फोम चांगला आहे. मी पाहिलाय. म्हणजे मला त्यातलं कळत नाही, पण त्यांना कळतं, आणि ते खोटं बोलत नाहीत. एक दिवस द्या. हवं तर माझे पगाराचे दिवस कापा."

"पगाराचं बोललेय का मी?" त्या म्हणाल्या. मग खिडकीतून खाली पाहिलं. साडू अजून खरवडतच होते. "कोरडा भुगा कधी मिळेल?"

"दोन तासांत! जमिनीला टेकू देणार नाही."

"जा मग."

खाली येऊन मी साडूंना सांगितलं, तर त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं आणि हात पुसले. दोन तास मी अशी करवत चालवली की आयुष्यात चालवली नसेल. उरलेसुरले तुकडे, कडा, मोडके तक्ते, सगळं कापलं. भुगा थेट पिशवीत. साडूंनी तो पत्र्यावर पसरून साचे तापवायच्या भट्टीजवळ तासभर ठेवला, मग हातात घेतला, मग गालाला लावला, आणि मग मावशीच्या गालाला लावून विचारलं, "गार लागतो?" "नाही," ती म्हणाली, "आणि पुन्हा गालाला हात लावू नका." सगळे हसले. दिवसभरात पहिल्यांदाच.

पेटी ओतली. चाळीस झाले, पन्नास झाले, क्लॅम्प जागच्या जागी. दीडशेला साडूंनी काडी टेकवली, ती चिकटली नाही.

पण पेटी दिसली चांगली म्हणून गारवा धरते असं नाही. जुन्या फोमची एक आणि ही नवी, दोन्हींत सारखाच तोलून बर्फ भरला, झाकणं लावली आणि चोवीस तास शेजारी शेजारी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंसमोर दोन्हींतलं वितळलेलं पाणी काढून मापलं. साडूंनी दोनदा मापलं.

"नव्या पेटीत एक कप जास्त निघालं," ते म्हणाले. मग थांबले. "एक कप आणि वर दोन चमचे."

मला त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं. अहो, दोन चमचे कुणी विचारले होते का?

मालकीणबाईंनी दोन्ही मापांकडे पाहिलं. "आपण गिऱ्हाइकाला किती वेळ सांगतो?"

"एक दिवस एक रात्र."

"आणि या पेटीत?"

"बर्फ बघा की. दीड दिवस आरामात निघेल."

"आणि खर्च?"

"दहावा हिस्सा सांगितला होता तुम्ही. भुगा फेकायचे पैसे धरले तर त्याहून थोडा जास्तच उतरतोय."

"मग आणखी काय हवंय?" त्या म्हणाल्या. "ओतकाम राहील. मिश्रणाचा नवा कागद लिहून भिंतीला लावा, मी सही करते."

जीव भांड्यात पडला माझा. मावशीनं पदर डोळ्यांना लावला, मग माझ्याकडे बघून चहाचा कप पुढे केला. माफी वगैरे काही नाही, नुसता कप. मी घेतला. साडू एका उलट्या पिंपावर बसले. मी शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "चूक माझी होती, तुम्ही का ओढून घेतलीत?" ते म्हणाले, "ओढून घेतली नाही. गार लागलाच होता हाताला." एवढंच. या माणसाशी भांडायचीही सोय नाही हो!

कागद त्यांनी त्याच दुपारी लिहिला, त्यांच्या त्या शाळकरी, गोल अक्षरात. आता साच्याच्या वर काचेत लावलाय. पिवळं किती, काळं किती, आणि इतर जे काय थोडं थोडं लागतं ते. आणि त्याखाली एक ओळ: 'साडूचा भुगा, आठ भाग. कोरडा.' कोरडा या शब्दाखाली दोन रेघा आहेत. त्या माझ्यासाठीच आहेत, मला कळतं.

मालकीणबाईंनी त्यावर तश्शीच सही केलीय. कारखान्याचा अधिकृत कागद आहे तो, तपासायला येणारेसुद्धा वाचतात. गेल्या महिन्यात ओतकामाला एक नवी बाई लागली. ती पहिल्याच दिवशी कागदासमोर उभी राहिली, बोट ठेवून वाचत त्या ओळीपर्यंत आली आणि करवतीकडे वळून तिनं मला विचारलं, "दादा, हा साडू कोण?"

मी करवत बंद केली. "मी," म्हटलं. आणि खरं सांगतो, तेवीस वर्षांत एवढ्या अभिमानानं मी कधी कुणाचा साडू झालो नव्हतो.